डाळ मागणारी फुलकाय

आमच्या घरात माठाला हात लावायचा हक्क तिघांनाच होता: आई, बाबा आणि मी. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला असे आणि त्याच्या शेजारी खिळ्याला लांब दांड्याचं पितळी ओगराळं टांगलेलं असे. समोरच्या खोलीत आईची बालवाडी भरायची. मुलांना तहान लागली की ती स्वयंपाकघराच्या दाराशी रांगेनं उभी राहत, ओंजळ पुढे करत, आणि आई उंबऱ्याच्या आतून ओगराळ्यानं वरून पाणी सोडे. सगळ्यांना सारखंच, वरून. निम्मं पाणी ओंजळीतून खाली सांडे आणि उंबऱ्यापाशी बारमाही ओल असे. सरपंचांचा नातू आला की त्याला तेवढा स्टीलचा पेला मिळे. तसं कुणी ठरवलं होतं असंही नाही, पेला आपोआप हातात यायचा. आमच्या घरात भेदभावाची भाषा कुणी कधी केली नाही. ओगराळं होतं, त्यामुळे बोलायची वेळच आली नाही.

घर वलगावात, अमरावतीहून येणारा रस्ता गावात शिरतो तिथून आत. बाबांचं दोन एकर मळ्याचं रान होतं. त्यात वांगी, सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि हे सांगितलं की पुण्याची माणसं अजून हसतात) आणि दसऱ्या-दिवाळीच्या हिशेबानं झेंडू. पहाटे बाबा सायकलच्या कॅरिअरला टोपल्या बांधत, तेव्हा सुतळी दातात धरून ते काहीतरी पुटपुटत असत. ते देवाचं नाव असावं अशी माझी लहानपणी समजूत होती, पुढे कळलं की ते टोपल्या मोजत. आठ वाजता बालवाडीतली मुलं यायला लागायची आणि बाबा मळ्यात गेलेले असायचे. मग दुपारपर्यंत घराला दोनच आवाज: समोर मुलांचा गलका, मागे विहिरीवरच्या मोटरचा. वीज गेली की मोटर थांबायची आणि का कोण जाणे, मुलंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. संध्याकाळी कुठून तरी प्रार्थनेची खंजिरी ऐकू आली की आई ज्वारीचं पीठ परातीत घ्यायची. रात्री भाकरी, पातळ वरण, आणि वांग्यांच्या दिवसांत भरीत, वर कच्च्या तेलाची धार. मी हे सगळं विस्तारानं सांगते आहे, कारण पुढं जे घडलं त्यात वरणाचा मोठा हात आहे.

एका दिवाळीनंतर उंबऱ्यापाशीच्या त्याच ओलीवर आईचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही, प्लास्टर काढून पुन्हा घालावं लागलं, आणि आई मधल्या खोलीत खाटेवर पडून राहिली ती थेट पुढचा उन्हाळा सरेपर्यंत. बालवाडी माझ्याकडे आली. मी एकोणीस वर्षांची होते आणि नुकतीच अमरावतीहून बालवाडी शिक्षिकेचा सहा महिन्यांचा वर्ग पुरा करून आले होते. आईनं असा कोणताच वर्ग केलेला नव्हता. तेव्हा आता इथं जरा शिस्तीनं काम होईल असं मला वाटत होतं, आणि मी ते आईला बोलूनही दाखवलं होतं.

अमरावतीच्या त्या वर्गाबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्याच दिवशी प्रत्येकीनं उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मले लहान लेकरं आवडतात." आमच्या बाई पुण्याकडच्या होत्या, गोऱ्यापान, आवाज गोड. त्या हसून म्हणाल्या, "मले नाही, मला. परत म्हण." मी म्हणाले, "मला लहान लेकरं आवडतात." "लेकरं नाही, मुलं. परत म्हण." सगळा वर्ग हसला. त्यातल्या निम्म्या मुली दर्यापूर-चांदूरच्या, म्हणजे घरी जाऊन 'मले'च म्हणणाऱ्या, आणि त्याच सर्वांत मोठ्यानं हसल्या. माझे कान तापले. बाईंचा मला राग आला नाही. आईचा आला, बाबांचा आला, ज्यांनी मला अशी भाषा दिली त्यांचा आला. सहा महिन्यांत मी 'मले' पार खरवडून काढलं. सुटीत घरी आले तेव्हा म्हणाले, "आई, मला भाकरी वाढतेस का?" बाबांनी घास हातातच धरून आईकडे पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणे आले का वं?"

तर अशी मी, आणि माझ्या हातात अठ्ठावीस मुलं. मी पहिला नियम केला तो पाण्याचा. मूल नुसतं रांगेत उभं राहिलं तर पाणी मिळणार नाही, त्यानं आधी नीट बोललं पाहिजे: "बाई, मला पाणी हवं आहे." वर्गात आम्हाला शिकवलं होतं की मुलाच्या गरजेच्या क्षणी भाषा चटकन रुजते. ते बरोबरही आहे. मी फक्त गरज आणि भाषा यांची जागा बदलली. "मले पानी पायजे" म्हणणाऱ्याला मी ओगराळं माठावर तसंच धरून म्हणायची, "परत म्हण." दुसऱ्यांदा चुकलं की पुन्हा, "परत म्हण." मुलं हुशार असतात. आठवडाभरात बहुतेकांना ते जमलं, आणि घरी जाऊन ती आयांना सांगू लागली, "आई, मला पाणी हवं आहे." आया कौतुकानं माझ्याकडे येऊन सांगत. माझी छाती फुगली.

जमलं नाही ते अस्लमला. अस्लम हा चुडीवाल्या अमिनाबींचा नातू, चार वर्षांचा, दोन्ही गालांना खळ्या. अमिनाबी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगावच्या बाजारांत फिरायच्या, पार मेळघाटात सेमाडोहपर्यंत. त्यांच्या घरात दोन भाषा एकाच ताटात वाढलेल्या असत. अस्लम कधी म्हणे, "मले पानी होना," कधी, "मेरेकू पानी पायजे," आणि मी दोन्ही वेळा ओगराळं मागे घ्यायची. एक दिवस त्याला न्यायला आलेल्या अमिनाबी ते दारातून बघत राहिल्या. मग पेटी खाली ठेवून म्हणाल्या, "शोभाबाई, लेकरू तहानलं तं तहान बोलते. व्याकरण थोडी बोलते?"

मी म्हणाले, "त्याच्याच भल्यासाठी आहे. उद्या शाळेत त्याला लोक हसतील."

"आज तुमीच हसून राहिले त्याले," त्या म्हणाल्या, आणि अस्लमला घेऊन निघून गेल्या. मला ते लागलं. पण लागलं ते एका चुडीवालीनं मला शिकवावं याचं. दुसऱ्या दिवशी मी नियम आणखी कडक केला.

फुलकाय याच सुमारास आली. पाटलांच्या संत्र्याच्या बागेत राखणीला सेमाडोहकडचं एक कोरकू जोडपं आलं होतं, त्यांची ही साडेतीन वर्षांची मुलगी. तिची आई सकाळी बागेतून चालत यायची, मुलीला आमच्या दारात उभं करायची, माझ्याकडे बघून मान हलवायची आणि परत जायची. तिला मराठी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल, आणि मला कोरकूचं एक अक्षर येत नव्हतं, तेव्हा आमचा सगळा व्यवहार मानेवर. फुलकाय भिंतीला टेकून बसे. केस तेल लावून चापून बांधलेले, गळ्यात काळ्या मण्यांची माळ. गाणं म्हण म्हटलं तर म्हणत नसे, चित्र दाखवलं तर बघे पण नाव सांगत नसे. मी नाव घेतलं की मात्र मान वर करे, म्हणजे कान शाबूत होते. दिवसभरात ती एकच बोलायची. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, ओंजळ न करता, नुसती उभी राहून ती म्हणायची, "डा." घशात अडवून सोडल्यासारखा लहानसा आवाज. पुढं काही नाही.

पुढचा 'ळ' आम्ही जोडला. पोरगी स्वयंपाकघराच्या दाराशी येते, चुलीवर वरण रटरटत असतं, आणि ती 'डा' म्हणते, तर आणखी काय असणार? मी तिला वाटीत पातळ वरण दिलं. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरून एका दमात तोंडाला लावली आणि रिकामी केली. झालं, आमची खात्रीच पटली. आईसुद्धा मधल्या खोलीतून हाक मारून सांगायची, "शोभे, त्या पोट्टीले दे वं थोडं वरण, डाळ डाळ करून राहिली ते." मुलं तिला डाळबाई म्हणू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना आम्ही कौतुकानं दाखवायचो, बघा, जंगलातली पोर पण आमच्या तुरीच्या डाळीची कशी वेडी झाली. ती वाटी रिकामी करायची आणि पुन्हा म्हणायची, "डा." मी म्हणायची, "पुरे आता. आणि डा नाही, डाळ. परत म्हण." ती माझ्या तोंडाकडे एकटक बघायची. हजेरीच्या वहीत शेरा लिहायला एक रकाना होता. त्यात मी फुलकायच्या नावापुढं लिहिलं: बोलत नाही. मंद वाटते.

हिवाळा होता तोवर यातून काही बिघडलं नाही. तीन-साडेतीन तासांचा प्रश्न, नंतर तिची आई येऊन तिला घेऊन जायची. ते अंतर थंडीत निभावलं.

मी आता अकोल्यात राहते. निवृत्त झाल्यावरही अंगणवाडीच्या नव्या मुलींच्या प्रशिक्षणाला मला कधीमधी बोलावतात. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता माणसांसमोर उभं राहून बोलणं हे धाडसच आहे, पण मी जाते. त्यांच्या मोबाइलमधल्या अर्जात आता 'घरची भाषा' असा वेगळा रकाना असतो. मुली तो वरपासून खालपर्यंत मराठी, मराठी, मराठी असा भरून टाकतात, त्यात पारध्याचं मूल आलं, बंजाऱ्याचं आलं, बिहारहून आलेल्या फरशीवाल्याचं आलं तरी. मी विचारते, घरी जाऊन ऐकलं का? त्या म्हणतात, मॅडम, रकाना भरला नाही तर पुढचं पान उघडतच नाही. त्यांना रागावण्याचा अधिकार मला नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी रागावत नाही. मी फक्त त्यांना विचारते की तुमच्या वर्गातलं मूल पाणी कसं मागतं. पंधरा जणींत दोघी-तिघी सांगू शकतात.

त्या वर्षीचा चैत्र लागला. वऱ्हाडातलं चैत्रातलं ऊन दहा वाजताच अंगणात पाय ठेवू देत नाही. त्या सकाळी फुलकायची आई तिला सोडायला आली तेव्हा नेहमीसारखी लगेच गेली नाही. ती फुलकायच्या पोटावर हात ठेवून माझ्याशी बरंच काही बोलली. पोटावर हात, मग हात खाली झटकल्यासारखा, मग दोन बोटं. मी मान हलवली. मला वाटलं, सांगते आहे की पोर उपाशी आहे, दोन वेळा जेवू घाल. त्या मानेचा अर्थ तिनं असा घेतला असणार की बाईंना समजलं. ती निर्धास्त होऊन गेली.

फुलकायला दोन दिवसांपासून जुलाब होत होते. हे मला संध्याकाळी कळलं.

सकाळी मी तिला भरपूर वरण दिलं, घट्टसर, भूक आहे म्हणून, वर मीठ. तिनं दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला सारली. "डा," ती म्हणाली. मी म्हटलं, समोर आहे की. थोड्या वेळानं पुन्हा आली, "डा." त्या दिवशी मी मुलांचं गाणं बसवत होते, रविवारी सरपंच येणार होते, मी तिला हाताला धरून तिच्या जागी नेऊन बसवलं. असं तीनदा झालं, चारदाही असेल. मग ती यायची थांबली. मला बरं वाटलं, एकाग्र होऊन गाणं ऐकते आहे म्हणून. साडेअकराला मुलं गेली. फुलकायची आई आली नाही. त्या दिवशी बागेत मोटर बिघडली होती आणि झाडांच्या आळ्यांना ती बादलीनं पाणी देत होती, हेही नंतर कळलं. फुलकाय भिंतीशी आडवी झाली होती. मी समजले, झोपली. अस्लमसुद्धा राहिला होता, अमिनाबींची गाडी चुकली असावी.

त्या बारानंतर आल्या. उन्हातून आलेल्या, म्हणून पेटी ठेवून भिंतीशीच टेकल्या, फुलकायच्या उशाला. मी सतरंज्या गोळा करत होते. अमिनाबींनी पदरानं तोंड पुसलं, मग त्यांचा हात थांबला आणि त्यांनी फुलकायच्या तोंडाशी कान नेला. "हे काय म्हणून राहिली?"

"डाळ म्हणते," मी म्हणाले. "तिला डाळ फार आवडते."

अमिनाबींनी वर पाहिलं. त्यांची ती नजर मला या वयातही जशीच्या तशी दिसते. "डाळ नाई वं माय," त्या म्हणाल्या. "डा म्हंजे पानी. त्यायच्या बोलीत पानीले डा म्हणते. बारा वर्षं झाले मी त्या बाजारात डा मांगून पिऊन राहिली. पोट्टी पानी मांगते आन तू तिले डाळ पाजून राहिली?"

मी तिला हात लावला. अंग तापलेलं आणि कोरडं, ओठांवर पांढरं, डोळे अर्धे उघडे आणि आत गेलेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायचं तर त्या पहिल्या क्षणी मी माझ्यासाठी घाबरले: आता काय होईल, लोक काय म्हणतील. तिच्यासाठी घाबरले ते त्यानंतर. मी स्वयंपाकघरात धावले आणि खिळ्यावरचं ओगराळं काढलं, आणि मला कळेना की आडव्या पडलेल्या मुलाला ओगराळ्यानं वरून पाणी कसं पाजतात. अमिनाबी माझ्या मागोमाग उंबरा ओलांडून आत आल्या, त्यांनी कपाटातला पेला घेतला, माठाचं झाकण काढलं आणि पेला सरळ आत बुडवला. मधल्या खोलीतून आई ओरडली, "एकदम नका पाजू, चमच्यानं पाजा, त्यात साखर-मीठ टाका." अमिनाबींनी फुलकायला मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाजत राहिल्या, प्रत्येक चमच्याला म्हणत, "डा, बेटा, डा." मी मळ्यात पळत जाऊन बाबांना आणलं. बाबांनी शेजारचा टेम्पो मागितला. दवाखान्यात तिला सलाइन लावलं. डॉक्टर एवढंच म्हणाले की आणखी दोन तास गेले असते तर काही सांगता आलं नसतं.

तिची आई संध्याकाळी दवाखान्यात आली. अमिनाबींनी तिला त्यांच्या मोडक्यातोडक्या बाजारी कोरकूत आणि हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं. मी शेजारी उभी होते. कोणतं वाक्य माझ्याबद्दल आहे ते मला भाषा न येताही कळत होतं, कारण त्या वेळी ती वळून माझ्याकडे बघायची. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सलाइन संपल्यावर तिनं मुलीला पाठीला बांधलं आणि गेली. फुलकाय बालवाडीत आली नाही. चार दिवस झाले, आठ झाले. दारात सकाळची ती जागा रिकामी असायची आणि हजेरीत तिच्या नावापुढं मी रोज फुली मारत होते.

नवव्या दिवशी आईनं हजेरीची वही मागून घेतली. खाटेवर पडल्या पडल्या ती बोटानं नावं चाळत खाली आली आणि थांबली. "बोलत नाही, हे तू लिवलं?"

मी हो म्हणाले.

"ते बोलत तं होती वं शोभे. रोज बोलत होती." मग तिनं प्लास्टरकडे पाहिलं. "मले बी नाई आयकू आलं. मी बी इथून वरण दे वरण दे करत होती." एवढं बोलून तिनं वही मिटली. मला वाटलं होतं ती मला धीर देईल. आईनं दिला नाही, आणि ते योग्यच होतं असं आता म्हणता येतं. तेव्हा मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले. सकाळी आईनं बाबांना हाक मारली आणि माठ तिवईवरून उतरवून समोरच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितला, बुटक्या पाटावर, मुलांचा हात पोचेल असा. वर सहा पेले पालथे. मी म्हणाले, "आई, सगळे हात घालतील."

"घालू दे."

"आपण काय पिऊ मग?"

"तेच," आई म्हणाली. ओगराळं बाबांनी मळ्यात नेलं, फवारणीचं औषध कालवायला. "आन आता तिले घेऊन ये," आईनं सांगितलं. "ते नाई आली तं ही शाळा मी बंद करते. पायावर उभी राहिली तरी नाई उघडणार." आई असं उगाच बोलणारी नव्हती. चौदा वर्षं तिनं ती बालवाडी चालवली होती.

मी अमिनाबींकडे गेले. त्यांच्या ओट्यावर बसले, त्यांनी चहा दिला, तो मी प्यायले. याआधी मी त्यांच्याकडे काही घेतलं नव्हतं, हे चहा पिताना माझ्या लक्षात आलं आणि त्यांच्याही लक्षात आलं असावं. मी म्हणाले, माझ्याबरोबर बागेत चला, तिच्या आईला सांगा की माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "येते. पण चुकलं ते मी काहून सांगू? तुले जे बोलता येईल ते तू बोल." मला एकच शब्द येत होता.

दुपार होती. बागेत मोटर दुरुस्त झाली होती आणि पाटानं पाणी आळ्या-आळ्यांत फिरत होतं, संत्र्याच्या झाडांखाली काळी माती चमकत होती. फुलकायची आई फावड्यानं पाट फोडत होती. तिनं आम्हाला पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. अमिनाबी दोन शब्द बोलल्या आणि बांधावर बसल्या. मी चिखलाच्या कडेला उभी राहिले. येताना मी मनात पुष्कळ जुळवलं होतं, शुद्ध आणि सविस्तर, आणि आता त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला: माठ, खाली, हात पोचतो, पेला. तिला त्यातलं काय समजलं कोण जाणे. ती फावड्यावर हात टेकवून माझ्याकडे बघत राहिली. ऊन डोक्यावर होतं, माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि ती तिलाही दिसली असावी. तिनं झोपडीकडे तोंड करून काहीतरी हाक दिली.

फुलकाय बाहेर आली. वाळली होती, पण पायांवर धड उभी होती. तिच्या दोन्ही हातांत जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, लोटा होता, काठोकाठ भरलेला, चालताना तिच्या पायांवर सांडत होता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हात पुढे केला. तिनं लोटा छातीशी घट्ट धरला.

मी म्हणाले, "डा."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, तशीच एकटक, जशी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघायची. मग मान किंचित तिरकी केली, आणि माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात, शेवटचं अक्षर तसंच लांबवून म्हणाली, "परत म्हण."

बांधावर अमिनाबींनी पदर तोंडाला लावला. पाच महिन्यांत फुलकाय माझ्याकडून एवढंच मराठी शिकली होती.

मी म्हणाले, "डा." तो माझा, लांब, उघडा 'डा' होता, वरून ओतल्यासारखा.

"नाही," फुलकाय म्हणाली. "परत म्हण."

तिची आई फावडं टेकवून उभी होती आणि मध्ये पडत नव्हती. मी चिखलात गुडघ्यांवर बसले, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. फुलकायनं तोंड उघडून मला दाखवलं, तो शब्द घशात कुठं अडवायचा आणि कुठं सोडायचा ते. तिसऱ्यांदा मला जमलं. तिनं लोटा पुढे केला आणि मी तो तोंडाला लावून प्यायले.